गॅस कमी झालाय, साहेब

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कुठल्याही गावातल्या कार एसीच्या गॅरेजसमोर उभं राहावं. गाड्यांची रांग लागलेली असते, सगळ्यांची बोनेटं उघडी असतात आणि एक पोरगा लाल-निळ्या नळ्यांचा गेज गळ्यात अडकवून या गाडीवरून त्या गाडीवर जात असतो. गाडीवाला म्हणतो, "थंड होत नाहीये." पोरगा नळ्या लावतो, काट्यांकडे बघतो आणि म्हणतो, "गॅस कमी झालाय, साहेब." अर्ध्या तासात दीड-दोन हजार रुपये मोजून साहेब गार हवा खात निघून जातात. पुढच्या एप्रिलला पुन्हा तेच गॅरेज, तोच पोरगा, तेच वाक्य.

ही वारी मी सलग तीन वर्षं केली आहे, म्हणून हसण्याचा अधिकार मला नाही. पण त्या निमित्ताने गाडीचा एसी बिघडतो म्हणजे नेमकं काय होतं, तो कोण दुरुस्त करतं आणि कसा, याच्या मागे लागलो. तेव्हा लक्षात आलं की या धंद्यात गॅस विकला जातो, पार्ट विकले जातात, मजुरी लागते. फक्त निदानाचे पैसे कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिला गैरसमज 'गॅस' या शब्दातच आहे. घरात गॅस संपतो, रिक्षात गॅस संपतो, तसा गाडीच्या एसीतलाही संपत असणार, असं आपण सहज धरून चालतो. एसीतला गॅस जळत नाही, वापरला जात नाही. माठातलं पाणी बाहेर झिरपतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जाताना माठातली उष्णता घेऊन जाते. एसीतही हेच घडतं, फक्त इथे वाफ झालेला पदार्थ हवेत सोडून न देता पकडून परत आणला जातो. कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो, दाबल्यामुळे ती तापते, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये गार होऊन तिचा द्रव होतो. ड्रायरमधून गाळून हा द्रव एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये फवारला जातो. तिथे दाब एकदम कमी असल्याने त्याची पुन्हा वाफ होते, कॉइल गार पडते आणि ब्लोअर त्या कॉइलमधून हवा ढकलतो. माठात रोज पाणी भरावं लागतं. एसीत मात्र कारखान्यात भरलेले ३५० ते ५०० ग्रॅम, छोट्या गाडीत तेवढाच गॅस असतो, वर्षानुवर्षं तसेच फिरत राहायला हवेत.

अगदी थेंबही जात नाही असं नाही. इंजिन हलतं, त्यामुळे घरच्या एसीसारखी सगळी तांब्याची नळी इथे चालत नाही. मध्ये रबरी होज असतात, कॉम्प्रेसरच्या शाफ्टला सील असतं, जोडांना ओ-रिंग असतात. त्यांतून वर्षाकाठी काही ग्रॅम निसटतात. म्हणून सहा-सात वर्षांनी थोडा गॅस भरावा लागला तर तक्रार नको. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर मात्र कुठेतरी भोक आहे, आणि गॅस भरणारा त्या भोकाच्या जिवावर पोट भरतो आहे.

माझ्या गाडीचं भोक तिसऱ्या वर्षी सापडलं. मित्राने पुण्यात नाना पेठेतल्या एका गल्लीत पाठवलं. साठीचे गृहस्थ, पांढरा झब्बा, खिशात टॉर्च. मी सवयीने म्हणालो, "काका, गॅस चेक करा." ते म्हणाले, "गॅस नंतर. आधी गाडी चालू करा, काचा खाली, ब्लोअर चारवर." मग त्यांनी एक हात जाड पाइपवर ठेवला, दुसरा बारीक पाइपवर, आणि डॉक्टर नाडी बघतो तसे मिनिटभर गप्प उभे राहिले. जाड पाइप, कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे परत जाणारा, चांगला गार पडून त्याला घाम सुटायला हवा. माझा जेमतेम कोमट नव्हता इतकंच. मग ते वाकले आणि गॅस भरायच्या तोंडाकडे टॉर्च मारला. "साहेब, टोपी कुठंय?"

त्या तोंडाला टायरच्या व्हॉल्व्हसारखी एक पिन असते आणि तिच्यावर प्लास्टिकची टोपी. आपल्याला वाटतं टोपी धुळीसाठी आहे. ती धुळीसाठी आहेच, पण आतल्या रबरामुळे ती दुसरं सीलही असते. माझी टोपी पहिल्या वर्षी गॅस भरताना कोणीतरी काढून ठेवली होती आणि ती तिथेच राहिली. काकांनी ब्रशने धुण्याच्या साबणाचं पाणी पिनेवर लावलं. काही झालं नाही. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात त्यांनी बोटाने थांबवलं. आठ-दहा सेकंदांनी मुगाएवढा एक फुगा वर आला, हरभऱ्याएवढा झाला आणि फुटला. मग दुसरा. उघड्या तोंडात धूळ बसली होती आणि दर वर्षी गेजची नळी ती धूळ पिनेच्या रबरात आणखी दाबत होती. म्हणजे ज्या जागेतून मी गॅस भरून घेत होतो, त्याच जागेतून तो जात होता. काकांनी उरलेला गॅस मशीनमध्ये ओढून घेतला, वजन केलं: १९० ग्रॅम. बोनेटच्या आतल्या स्टिकरवर ४३० लिहिलं होतं. पिनेचे चाळीस रुपये झाले.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते रांगेतल्या गॅरेजात मी कधी पाहिलं नव्हतं. व्हॅक्यूम पंप लावून अर्धा तास सोडून दिला. कारण विचारलं तर म्हणाले, "पाणी काढायचंय." सिस्टिम उघडली की हवेतली आर्द्रता आत शिरते, तेल ती शोषून घेतं, पुढे तिचं आम्ल होऊन आतला धातू खातं. बर्फ होऊन व्हॉल्व्हचं भोक बंद होतं ते वेगळंच. डोंगरावर पाणी लवकर उकळतं हे आपण शाळेत शिकलो. पंप हवा इतकी काढून घेतो की आतलं पाणी उन्हाळ्यातल्या साध्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि ओढलं जातं. दहा मिनिटांत ते होत नाही. एक गंमत त्यांनीच दाखवली. गेजवर व्हॅक्यूमचा काटा २८ इंचांच्या आसपास थांबला. पुस्तकात २९च्या वर लिहिलेलं असतं, ते मुंबईसाठी खरं आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, इथे हवेचाच दाब कमी, म्हणून काटा २८च्या पुढे जाणारच नाही. पुस्तक वाचून आलेला नवा मुलगा इथे पंप खराब आहे म्हणून बोंब मारतो, असं ते म्हणाले.

गेजबद्दल आणखी एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण 'गॅस कमी झालाय' हे वाक्य तिच्यावर उभं आहे. गाडी बंद असताना नळ्या लावल्या आणि काटा बघितला तर त्यावरून आत किती गॅस आहे हे कळत नाही. बंद सिस्टिममध्ये थोडासा जरी द्रव शिल्लक असेल, तरी दाब ठरतो तो फक्त तापमानावर. आर-१३४ए हा आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांतला गॅस. ३० अंशांना त्याचा दाब ९५ ते १०० पीएसआय दाखवतो. पुण्यात जानेवारीच्या पहाटे १२ अंशांना तोच काटा पन्नाशीवर येईल, आणि मे महिन्यात अकोल्याला ४५ अंशांच्या दुपारी दीडशेवर जाईल. गॅस एका ग्रॅमनेही बदललेला नसतो. आत ४३० ग्रॅम असोत की २००, आकडा जवळपास तोच. म्हणून बंद गाडीच्या काट्याकडे बघून निकाल देणारा एक तर शिकलेला नाही किंवा फार शिकलेला आहे. चालू गाडीत दोन्ही बाजूंचे काटे एकत्र वाचावे लागतात, तेही बाहेरचं तापमान आणि ब्लोअरचा वेग धरून. आणि गॅस किती भरायचा हे गेजच्या काट्यावर नाही, वजनाच्या काट्यावर ठरतं: आधी सगळा काढायचा, मग स्टिकरवरचे ग्रॅम मोजून भरायचे. जास्त भरला तरी गारवा कमीच होतो, कारण कंडेन्सर द्रवाने भरून जातो आणि उष्णता टाकायला जागा उरत नाही.

गॅसचा संशय शेवटी घ्यायचा, असं धरलं तर तक्रार ऐकूनच निम्मं काम होतं. सिग्नलला गरम आणि हायवेला गार अशी तक्रार असेल तर गॅसला हात लावण्याआधी पुढचा पंखा बघावा. पंखा फिरतो आहे, एवढं पुरेसं नाही. कार्बन ब्रश झिजलेला पंखा फिरतो, पण हवा ओढत नाही. जुने मेकॅनिक कंडेन्सरवर मगभर पाणी मारतात. लगेच गारवा वाढला तर दोष पंख्याचा किंवा चिखल बसलेल्या जाळीचा, हे तिथल्या तिथे कळतं. याच्या अगदी उलट तक्रार असते ती सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर जाणाऱ्यांची: तासभर छान चालतो, मग हवाच येईनाशी होते. ब्लोअरचा आवाज तर येतो. अशा वेळी कॉइलवर बर्फ धरलेला असतो. कॉइलला चिकटवलेला छोटा सेन्सर, ज्याने गोठायच्या आधी कॉम्प्रेसर बंद करायचा, तो चुकतो. एसी दहा मिनिटं बंद ठेवून फक्त ब्लोअर चालू ठेवला की बर्फ वितळतो, गाडीखाली पाण्याचं डबकं होतं आणि हवा परत येते. सेन्सर काही शे रुपयांचा. यावरही गॅस भरलेले लोक मला भेटले आहेत.

हवा गार आहे पण कमी आहे, ही तक्रार तर बहुतेक वेळा केबिन फिल्टरची. ग्लोव्ह बॉक्स उतरवला की एक खण दिसतो, त्यात हा फिल्टर. माझ्या गाडीत तो काळा झालेला होता आणि त्यावर कडुनिंबाच्या काड्या, गुलमोहराच्या पाकळ्या आणि उंदराने आणून ठेवलेला कापूस असा ऐवज सापडला. ब्लोअर फक्त चार नंबरवरच चालतो आणि एक-दोन-तीनवर मुका, ही टॅक्सीवाल्यांची पेटंट तक्रार. रेझिस्टर जळलेला असतो, चौथ्या नंबरला तो लागतच नाही. काचेवर वाफ धरते आणि केबिनमध्ये गोडसर वास येतो, तर ते एसीचं नाही, हीटर कोअरमधून कूलंट गळतंय. पायाखालचं कार्पेट ओलं झालं तर कॉइलचं पाणी बाहेर टाकणारी नळी चोंदली आहे. मुंबईकर गाडीखाली पाणी बघून घाबरतात, तेही विनाकारण. मुंबईच्या दमट हवेत एसीची बरीचशी ताकद हवेतलं पाणी काढण्यातच जाते. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात तीच गाडी जेमतेम थेंब टाकते.

आता ज्या वाक्याने गाडीमालकाचा चेहरा पडतो ते वाक्य: "कॉइल गेलीय, डॅशबोर्ड उतरवावा लागेल." कूलिंग कॉइल गाडीतली सगळ्यात अडचणीची वस्तू आहे. बहुतेक गाड्यांत ती डॅशबोर्डच्या पोटात, ब्लोअरच्या डब्यात बसवलेली असते. ती सतत ओली, वर धूळ, पानांचा चुरा, अगरबत्तीचा आणि परफ्यूमचा थर. अॅल्युमिनिअमला बारीक टोचे पडत जातात. डॅशबोर्ड उतरवायला एक सबंध दिवस, स्टिअरिंग, एअरबॅग, वायरिंगचे सगळे सॉकेट सोडवायचे, आणि परत बसवल्यावर एखादा कुरकुर आवाज आयुष्यभराचा सोबती. म्हणून कॉइलचा निकाल देताना पुरावा मागावा. पुरावा मिळू शकतो. गाडी थोडा वेळ चालवून बंद करायची, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि पाणी बाहेर पडणाऱ्या नळीच्या तोंडाशी इलेक्ट्रॉनिक लीक डिटेक्टर धरायचा. गॅस हवेपेक्षा जड असतो, कॉइलच्या डब्यात खाली साचतो आणि त्या नळीतून उतरतो. डिटेक्टर ओरडला तर कॉइल. नाही ओरडला तर आधी बाकीचे जोड, कंडेन्सर, कॉम्प्रेसरचं सील. गळती असते तिथे तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसून काळपट तेलकट डाग पडतो. टॉर्चने शोधलं तर तो डाग पुष्कळदा सापडतो. काही जण अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग तेलात सोडतात. काही जण रिकाम्या सिस्टिममध्ये नायट्रोजन भरून दाब उतरतो का बघतात, आणि ही पद्धत मला सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण महागडा गॅस वाया न घालवता भोक शोधता येतं. कोकणातल्या आणि गोव्यातल्या गाड्यांत कंडेन्सर आधी बघावा. समुद्राची खारी हवा त्याच्या पातळ पट्ट्या खाऊन टाकते.

गॅसबरोबर तेल जातं, हे वाक्य वर सहज येऊन गेलं, पण दर वर्षी गॅस भरण्याचा खरा फटका इथे आहे. कॉम्प्रेसरला वंगण देणारं तेल, छोट्या गाडीत सव्वाशे मिलीलिटरच्या घरात, गॅसबरोबर फिरतं. गॅस गळताना ते थोडं थोडं जातं, आणि भरणारा फक्त गॅस भरतो. तीन-चार वर्षांनी कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो आणि जाताना धातूची काळी पूड सगळ्या नळ्यांत सोडून जातो. आधुनिक कंडेन्सरच्या केसाएवढ्या नळ्यांतून ती पूड धुऊन निघत नाही. अशा वेळी फक्त नवा कॉम्प्रेसर बसवला तर तोही त्याच पुडीने मरतो, आणि गिऱ्हाईक कंपनीला शिव्या घालतं. कंडेन्सर, ड्रायर, एक्सपान्शन व्हॉल्व्ह सगळंच बदलावं लागतं. चाळीस रुपयांच्या पिनेचा हा शेवट होऊ शकला असता.

इथपर्यंतचा सगळा मामला नळ्या आणि दाबाचा. गाड्यांत ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल आला आणि तक्रारींची भाषाच बदलली. आता गाडीवाला 'थंड होत नाही' असं म्हणत नाही. तो म्हणतो, "बावीसवर ठेवलं तरी माझ्या बाजूला गार आणि हिच्या बाजूला गरम." ही कल्पना काही नवीन नाही, अमेरिकेत कॅडिलॅकने १९६४ मध्येच तापमान ठरवून ठेवता येईल असा कम्फर्ट कंट्रोल दिला होता. त्याआधी १९४० सालच्या पॅकार्डमध्ये कारखान्यातून एसी आला, त्याला तर बंद करायचं बटणही नव्हतं. नको असेल तेव्हा इंजिन थांबवून पट्टा काढून ठेवायचा. आपल्याकडे आपण अजून डॅशखाली टांगलेल्या एसीच्या आठवणी काढणारे लोक. मारुती ८०० मध्ये एसी आला तेव्हा खंबाटकी घाट लागला की गाडी हाकणारा न सांगता एसी बंद करायचा, नाहीतर इंजिन दम सोडायचं. आज घाटात जोरात पाय दिला की इंजिनचा कॉम्प्युटर स्वतःच काही सेकंद कॉम्प्रेसर सोडून देतो, आणि घाटात हवा कोमट झाली म्हणून काही जण एसी दाखवायला आणतात.

क्लायमेट कंट्रोलचं डोकं चार-पाच सेन्सरवर चालतं. पुढच्या बंपरमागे बाहेरचं तापमान बघणारा एक, डॅशबोर्डवर काळ्या टिकलीसारखा ऊन मोजणारा एक, स्टिअरिंगजवळ छोट्या जाळीमागे केबिनचं तापमान बघणारा एक आणि कॉइलवरचा तो बर्फवाला. यातला कुठलाही एक खोटं बोलला की सगळी सिस्टिम त्याच्या भरवशावर चुकते. बंपर ठोकला, सेन्सरची वायर तुटली, की काही गाड्यांच्या पडद्यावर बाहेरचं तापमान उणे ४० दिसतं. कारण हा सेन्सर थंडीत जास्त विद्युतरोध दाखवतो. वायरच तुटली म्हणजे अनंत रोध, म्हणजे अनंत थंडी. गाडीला वाटतं आपण सैबेरियात आहोत, आणि ती जळगावच्या उन्हात कॉम्प्रेसर चालू करायला नकार देते. यात गॅस कितीही भरा. उन्हाच्या सेन्सरची तर आपली खास देशी व्यथा आहे: डॅशबोर्डवर बाप्पाची मूर्ती बसवताना मधोमध, समोर, सपाट अशी जागा शोधली जाते आणि नेमकी त्या टिकलीवर चिकटवली जाते. सेन्सर बाप्पाच्या सावलीत, गाडीला वाटतं ढग आले. याच सेन्सरने मेकॅनिकांनाही फसवलं आहे. काही जपानी घडणीच्या गाड्यांत ठरावीक बटणं एकत्र दाबली की एसी स्वतःची तपासणी करून कोड दाखवतो, पण गाडी शेडच्या सावलीत उभी असेल तर उन्हाचा सेन्सर खराब असल्याचा कोड येतो. गाडी उन्हात काढली की कोड गायब. सावलीत बसून नवा सेन्सर मागवणारे झाले नसतील असं नाही.

आणि मग ती टक-टक-टक. गाडी चालू केली की डॅशबोर्डच्या मागून दहा-पंधरा सेकंद घड्याळासारखा आवाज येतो. गार आणि गरम हवा मिसळणारी एक झडप आत असते, तिला फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या प्लास्टिकच्या गिअरचा दात तुटलेला असतो. एक बाजू गार, एक गरम, ही तक्रारही अनेकदा याच मोटरची. मात्र गॅस अर्धा झाला असेल तरी कॉइलचा एकच भाग गार पडून असंच होतं, म्हणून इथे गेज लावणं रास्त आहे. मोटर बदलल्यावर गाडीला झडपेची दोन टोकं पुन्हा शिकवावी लागतात. काही गाड्या बॅटरी काढून लावली की स्वतः शिकतात, काहींना स्कॅनर लागतो. स्कॅनरबद्दल माझं मत असं झालंय की तो हातात आल्यावर हात वापरणं कमी झालं. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये जॉब कार्डवर 'कोड नाही, सिस्टिम ओके' असं लिहून गाडी परत आल्याची उदाहरणं आहेत. गळणाऱ्या नळीला कोड नसतो.

गॅस कोणता, हा प्रश्न आपल्याकडे फार कोणी विचारत नाही, पण जगात त्यावर चार दशकं रणं माजली आहेत. पूर्वी गाड्यांत आर-१२ होता. तो शोधणाऱ्यांत आघाडीचे होते थॉमस मिडग्ली, ज्यांनी पेट्रोलमध्ये शिसं घातलं तेच. एकाच माणसाच्या हातून हवेला दोन इतके मोठे फटके बसावेत हा योगायोग विलक्षण आहे. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी हे क्लोरोफ्लुरोकार्बन ओझोन खातात असं दाखवलं, १९८७ मध्ये माँट्रिअल करार झाला आणि नव्वदच्या दशकात गाड्या आर-१३४एकडे वळल्या. हा ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट आहे. हा आकडा गॅरेजच्या भाषेत सांगायचा तर: 'जुना गॅस काढून नवा भरतो' म्हणत पोरगा पिन दाबून फुस्स करून अर्धा किलो गॅस हवेत सोडतो, तेव्हा सातशे किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. तेवढा धूर काढायला पेट्रोलची गाडी साडेचार हजार किलोमीटर चालवावी लागेल, म्हणजे पुणे-नागपूर जाऊन-येऊन तीनदा. गॅस परत ओढून घेणारं मशीन असतं, माझ्या काकांकडे होतं. रांगेतल्या गॅरेजात मला एकदाही दिसलेलं नाही.

युरोपात २०१७ पासून नव्या गाड्यांत आर-१३४ए चालत नाही. आपल्याकडून तिकडे निर्यात होणाऱ्या गाड्यांतही आर-१२३४वायएफ लागतो. तो हवेत फार टिकत नाही, पण थोडा ज्वलनशील आहे, किमतीने कितीतरी पट महाग आहे, आणि विघटनानंतर त्यातून उरणाऱ्या आम्लावरून तिकडे आता नवा वाद सुरू आहे. भारताने माँट्रिअल कराराच्या २०१६च्या किगाली दुरुस्तीला २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार २०२८ मध्ये आर-१३४एसारख्या गॅसांचा वापर गोठवायचा आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी उतरवायचा. गॅस दुर्मीळ आणि महाग होत जाणार हे उघड आहे. तसा तो झाला की भेसळ येते, आणि भेसळ ही नुसती फसवणूक नसते. २०११ मध्ये जहाजांवरच्या शीत कंटेनरमध्ये आर-१३४एच्या नावाखाली मिथाइल क्लोराइड मिसळलेला गॅस भरला गेला, त्याची आतल्या अॅल्युमिनिअमशी रासायनिक क्रिया झाली आणि स्फोटांत कामगार दगावले. स्वस्त डब्यावरचं नाव वाचून गॅस भरून घेणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

हे सगळं ज्याने सांभाळायचं तो मेकॅनिक मात्र दोन खुर्च्यांच्या मधोमध बसलेला आहे. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड वेगळा, रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा वेगळा. पहिल्याला इंजिन येतं, दुसऱ्याला फ्रिज येतो, आणि गाडीचा एसी दोघांच्याही अभ्यासात पाहुण्यासारखा येऊन जातो. त्यामुळे पोरं उस्तादाच्या हाताखाली शिकतात आणि उस्तादाच्या चुकाही शिकतात. अमेरिकेत गाडीच्या एसीला हात लावणाऱ्या मेकॅनिकला प्रमाणपत्र सक्तीचं आहे. २०१९च्या भारताच्या कूलिंग अॅक्शन प्लॅनमध्ये एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. गाडीमालकाने मात्र आपल्या गॅरेजात असं प्रमाणपत्र भिंतीवर बघितलंय का, हे आठवून पाहावं. दोष फक्त पोराचा नाही. काका मला अर्धा तास तपासून "गॅस भरायची गरज नाही, फिल्टर बदला" म्हणाले असते, तर मी त्यांना अर्ध्या तासाचे किती पैसे दिले असते? खरं सांगायचं तर थँक यू म्हणून निघालो असतो.

इलेक्ट्रिक गाड्यांनी हा प्रश्न आणखी अवघड केला. तिथे कॉम्प्रेसर पट्ट्यावर चालत नाही, थेट बॅटरीच्या शेकडो व्होल्टवर चालतो आणि त्याची मोटर तेलातच बुडालेली असते. म्हणून तेल वीज न वाहणारं लागतं. पेट्रोल गाडीचं नेहमीचं तेल, किंवा ते आतून माखलेली गॅरेजची जुनी नळी, अशा गाडीला लावली तर इन्सुलेशन उतरतं आणि गाडी सुरक्षेच्या कारणाने जागेवर बसते. शिवाय बऱ्याच गाड्यांत हाच एसी बॅटरीलाही गार ठेवतो. म्हणजे पूर्वी एसी बिघडला की घाम यायचा, आता चार्जिंग मंदावतं.

आणि ट्रक. २०२५ मध्ये नव्याने तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. चांगलंच झालं, मे महिन्यात इंजिनच्या डोक्यावर बसून नागपूर-रायपूर करणं म्हणजे काय, ते केबिनमध्ये बसल्याशिवाय कळत नाही. पण हे एसी धुळीत, खडीत, वजनाच्या हादऱ्यांत चालणार, आणि बिघडणार हायवेच्या कडेच्या गॅरेजसमोर, जिथे आज पंक्चर निघतं आणि ग्रीसिंग होतं. परवा धुळ्याच्या पुढे चहाला थांबलो होतो. शेजारी नवा कोरा बारा चाकी उभा होता, दोन्ही काचा पूर्ण खाली. ड्रायव्हरला विचारलं, एसी नाही का लावत? म्हणाला, "आहे ना. महिनाभर झाला, गरम हवा मारतो. मालकाला सांगितलं तर म्हणतो, गॅस भरून घे."